वखारीतले दोन ढीग

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

वर्ध्याला रेल्वे स्टेशनाच्या बाजूला आमच्या अब्बांची कोळशाची वखार होती. टिनाचं शेड, पुढे मोकळी जागा, साखळ्यांचा मोठा तराजू आणि दोन ढीग. डावीकडे लाकडी कोळसा, उजवीकडे दगडी. लाकडी कोळसा हलका, एकमेकांवर आपटला तर काचेसारखा किणकिणायचा. इस्त्रीवाले, सोनार, कबाबवाले तो न्यायचे. दगडी जड. तो चहाच्या हॉटेलांच्या आणि मिठाईवाल्यांच्या भट्ट्यांना लागायचा. गिऱ्हाईक दारात आलं की अब्बांचा पहिला प्रश्न ठरलेला, ''लाकडी पायजे का दगडी?''

मी सिंदी मेघेहून सायकलनं वखारीत यायचो. शाळा सुटल्यावर तासभर तराजूपाशी उभं राहायचं, बोऱ्या मोजायच्या, वहीत लिहायचं. गावाच्या नावातला मेघ आभाळातला नाही, आडनावातला आहे. पण कविता करू लागल्यावर मला तो आभाळातलाच वाटायचा. माझी बी.ए.ची फी याच दोन ढिगांतून भरली गेली. मी विज्ञानाचा विद्यार्थी कधीच नव्हतो. त्यामुळे या दोन ढिगांतला खरा फरक कळायला मला पन्नाशी यावी लागली. वजनाचा, भावाचा, धुराचा फरक मला पाठ होता. काळाचा फरक माहीत नव्हता.

आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

दोन्ही कोळसे जळतात म्हणजे काय होतं? त्यांच्यातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. लाकडी कोळशातून निघणारा वायू वेगळा आणि दगडीतून निघणारा वेगळा, असं नाही. वायू तोच. पण बाभळीच्या लाकडातला कार्बन त्या झाडानं दहा-वीस वर्षांपूर्वी याच हवेतून घेतलेला असतो. जाळला की तो हवेत परत जातो आणि झाड पुन्हा वाढू दिलं तर पुन्हा झाडात येतो. ही उसनवारी आहे, घेतलं आणि दिलं. दगडी कोळशातला कार्बनही झाडांनी हवेतूनच घेतला होता, पण पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी. ती झाडं दलदलीत गाडली गेली, दबली, काळी पडली आणि हिशेबातून कायमची बाहेर गेली. आपण ती खणून पुन्हा हिशेबात आणली.

आमच्या जिल्ह्यात गिरडला शेख फरीद बाबांची टेकडी आहे. हिंदू-मुसलमान दोघंही तिथं जातात. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली म्हणून बाबांनी त्यांच्या मालाचे, नारळांचे दगड केले, अशी गोष्ट सांगतात. भूशास्त्रज्ञ त्यांना झिओलाइट म्हणतात. लहानपणी अम्मीसोबत गेलो की मी खिशात एक-दोन दगड घालून आणायचो. पुढे दगडी कोळसा म्हणजे दगड झालेलं जंगल आहे असं कुठंतरी वाचलं, तेव्हा मला गिरडच आठवलं. फक्त इथं शाप कुणी दिला नव्हता.

या कोळशाच्या खडकांना भूशास्त्रज्ञांनी १८७०च्या दशकात जे नाव दिलं ते आपल्या अगदी घरचं आहे : गोंडवाना. गोंड राजांच्या मुलखावरून दिलेलं नाव. वर्धा नदीच्या खोऱ्यातला, चांदा-वणीकडचा कोळसा याच खडकांतला. ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ एडुआर्ड स्यूस यांनी १८८५ साली दक्षिणेकडच्या एका प्राचीन भूखंडाची कल्पना मांडली, तेव्हा त्यांनी हेच नाव उचललं आणि गोंडांचं नाव जगाच्या नकाशावर गेलं. स्यूस हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता थोडं मागे जाऊ. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईनं काचेच्या नळ्यांत वेगवेगळ्या हवा भरल्या, आत थर्मामीटर ठेवले आणि नळ्या उन्हात मांडल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली आणि निवायलाही सगळ्यात जास्त वेळ लागला. पृथ्वीच्या हवेत हा वायू जास्त असता तर पृथ्वी अधिक उष्ण असती, असं तिनं लिहून ठेवलं. शास्त्रज्ञांच्या सभेत तिचा निबंध एका पुरुषानं वाचून दाखवला आणि मग दीडशे वर्षं तो विसरला गेला. तीन वर्षांनी, १८५९ साली, लंडनमध्ये जॉन टिंडाल यांनी हीच गोष्ट जास्त काटेकोरपणे मोजली. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन जमिनीची उष्णता आरपार जाऊ देतात. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तिला अडवतात. हवेत या अडवणाऱ्यांचं प्रमाण अगदी थोडं, पण सगळं काम त्यांचंच. जेवणातलं मीठ जसं.

आणि नेमकं याच काळात आमचं वर्धा जन्माला येत होतं. १८६१ ते ६५ या वर्षांत अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६२ साली नागपूरमधून वर्धा जिल्हा वेगळा निघाला. १८६६ साली पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवलं गेलं. १८६७ साली मुंबईची आगगाडी वर्ध्यावरून नागपूरला पोचली. १८७०च्या दशकात वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाली आणि तो कोळसा आणायला वर्ध्यापासून वरोऱ्यापर्यंत रूळ टाकले गेले. वर्धा जंक्शन झालं ते असं. आम्ही लहानपणी जंक्शनचा अभिमान बाळगायचो. ते कोळशानं आम्हाला दिलं हे कुणी सांगितलं नाही.

तारखांचा हा मेळ मला अस्वस्थ करतो. लंडनला एक माणूस सांगतोय की हा वायू उष्णता धरून ठेवतो, आणि त्याच दोन-तीन दशकांत आमच्याकडे खाण खणली जातेय. या दोन गोष्टी एकमेकींना भेटायला फार वेळ लागला.

पहिली भेट १८९६ साली झाली. स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनियस यांनी हवेतला हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित केलं. यंत्र नव्हतं. महिनोन् महिने हातानं आकडेमोड. त्यांना आकडे हवे होते ते हवा उष्णता किती अडवते याचे, आणि ते मिळाले चंद्राकडून. अमेरिकेच्या सॅम्युअल लँग्ले यांनी चंद्रावरून येणारी उष्णता मोजून ठेवली होती. चंद्र डोक्यावर असताना त्याची किरणं थोड्या हवेतून येतात. क्षितिजाजवळ असताना खूप हवेतून. दोन्हींतला फरक काढला की हवेनं वाटेत किती गिळलं ते कळतं. श्रोतेहो, आम्ही ईदचा चंद्र शोधायला गच्चीवर चढायचो तेव्हा तो असाच क्षितिजाला टेकलेला, मलूल दिसायचा. चंद्रावर मी किती कविता लिहिल्या असतील! पण चांदण्यातून पृथ्वीचा ताप मोजता येतो हे मला कुणी सांगितलं असतं, तर त्यातल्या निम्म्या मी फाडल्या असत्या.

अऱ्हेनियस यांचं उत्तर होतं पाच ते सहा अंश. आजचे शास्त्रज्ञ साधारण तीन अंश सांगतात. हातानं केलेल्या गणितासाठी हे काही फार दूर नाही. त्यांचा अंदाज चुकला तो वेगाचा. त्या काळच्या गतीनं कोळसा जळत राहिला तर वायू दुप्पट व्हायला हजारो वर्षं लागतील असं त्यांना वाटलं. शिवाय हवा थोडी गरम झाली तर बरंच, असं त्यांचं मत होतं. स्वीडनच्या थंडीत बसलेल्या माणसाला ऊब हवीशी वाटली यात नवल नाही. त्यांनी एक मे महिना वर्ध्यात काढायला हवा होता.

त्याच १८९६ साली पाऊस अर्ध्यावर तुटला आणि मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. चार वर्षांत छपन्नाचा दुष्काळ आला. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर गैरसमज होईल. त्या दुष्काळांना दगडी कोळसा कारण नव्हता. हवेतला वायू तोवर फारसा वाढलेलाच नव्हता. पावसाचा लहरीपणा आपल्याकडे जुना आहे, आणि माणसं मेली त्यात पावसाइतकाच सरकारी धोरणाचाही हात होता. प्रत्येक संकट हवामानबदलाच्या खात्यावर टाकायची आज फॅशन झाली आहे. तसं केलं की खरा हिशेब बिघडतो.

आता १९३८. फेब्रुवारी महिन्यात लंडनच्या हवामानशास्त्र संस्थेत गाय कॅलेंडर नावाच्या वाफेच्या इंजिनीअरनं निबंध वाचला. धंद्यानं ते हवामानवाले नव्हतेच. जगभरच्या केंद्रांतल्या तापमानाच्या जुन्या नोंदी त्यांनी फावल्या वेळात जमवल्या आणि दाखवून दिलं की पृथ्वी तापू लागली आहे आणि कोळशाचा वायू हे त्याचं एक कारण आहे. सभेत बसलेल्या पंडितांना ते पटलं नाही. शंका घेणाऱ्यांत सर जॉर्ज सिम्सन होते. हे गृहस्थ आधी सिमल्याला भारताच्या हवामान खात्यात काम केलेले. कॅलेंडर यांनाही या वाढीत वाईट काही दिसलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या या जागेत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ होता आणि त्याचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. तंजावरचे, लंडनला हिशेबनिसाचं शिक्षण घेतलेले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. मगनवाडीत ते तेलघाणी, गूळ, हातकागद, चूल यांवर प्रयोग करत. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप नावाचा कंदील तिथं तयार झाला. शहाणी माणसं तेव्हा हसली असणार. रॉकेल स्वस्त असताना तेलाचा दिवा कशाला?

कुमारप्पांचं उत्तर हिशेबनिसाचं होतं. १९४२च्या आंदोलनानंतर ते तुरुंगात होते. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेवर एक लहानसं इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते १९४५ साली आलं. निसर्गातल्या साधनांचे त्यांनी दोन भाग पाडले. कोळसा, पेट्रोल, खनिजं हा साठा. तो ठरलेला आहे, काढला की संपतो. नदीचं पाणी, वाढतं जंगल हा प्रवाह. तो येतच राहतो. साठ्यावर उभी राहिलेली व्यवस्था तात्पुरती असते आणि त्या साठ्यासाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसतात, प्रवाहावर उभी असेल ती टिकते. दुसऱ्या महायुद्धाच्या धगीत बसून त्यांनी हे लिहिलं.

आमच्या वर्ध्यात सगळ्या चांगल्या गोष्टींचं श्रेय सेवाग्राम-मगनवाडीला देण्याची सवय आहे. कुमारप्पांनी हवामानबदलाचं भाकीत केलं होतं असं मी भाषणांत ऐकलं आहे. माझ्या वाचनात तसं काही नाही. कोळसा संपेल आणि त्यापायी लढाया होतील, ही त्यांची काळजी होती. कोळसा संपण्याआधीच हवा भरून जाईल, हे त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हतं. कॅलेंडर यांना हवा दिसत होती, पण धोका दिसत नव्हता. कुमारप्पांना धोका दिसत होता, पण हवा दिसत नव्हती. दोघंही एकाच काळात काम करत होते. दोघांची ओळख असल्याचं कुठं दिसत नाही.

मला कुमारप्पा मोठे वाटतात ते वेगळ्या कारणासाठी. त्यांनी आखलेली रेघ माझ्या अब्बांच्या वखारीतून जाते. दगडी ढीग म्हणजे साठा. लाकडी ढीग म्हणजे प्रवाह. मगनवाडी वखारीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. अब्बा कधी आत गेले नसतील. पण धंद्याचा त्यांचा एक नियम होता. घरी आम्ही उर्दू-हिंदी बोलतो, म्हणून त्यांच्याच शब्दांत सांगतो : ''पूंजी मत खाना, मुनाफा खाना.'' एकदाच त्यांना हा नियम मोडावा लागला, आपाच्या लग्नात. त्या उन्हाळ्यात दगडी कोळशाचा ढीग ठेंगणा झाला, तो पुन्हा पहिल्याएवढा कधी झाला नाही. घरोघरी गॅस आला, रेल्वेची कोळशाची इंजिनं गेली, आणि नव्वदीच्या दशकात वखारीला कुलूप लागलं.

दोन ढिगांतला फरक हवेतही ओळखता येतो, हे मात्र १९५५ साली सिद्ध झालं. जिवंत झाडात किरणोत्सारी कार्बनचा थोडा अंश असतो. झाड मेल्यावर तो हळूहळू नाहीसा होतो. कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कोळशात तो औषधालाही उरत नाही. आता हवेत जर दगडी कोळशाचा कार्बन मिसळत असेल, तर अलीकडच्या झाडांच्या लाकडात हा अंश कमी भरला पाहिजे. एका शास्त्रज्ञानं लाकडाचे नमुने तपासले आणि तो कमीच भरला. त्याचं नाव हान्स स्यूस. गोंडवाना भूखंडाला नाव देणाऱ्या एडुआर्ड स्यूस यांचा हा नातू. आजोबांनी आपल्या मुलखाचं नाव खडकांतून उचलून जगाला दिलं. त्या जातीच्या खडकांतला कार्बन जगाच्या हवेत गेल्याचा पुरावा नातवानं दिला. इतिहासात असे योगायोग लिहिणाऱ्यानं रचले तर खोटे वाटतील.

मग १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर रोजची मोजणी सुरू केली. कारखान्यांच्या आधीच्या काळात हवेच्या दहा लाख भागांत हा वायू २८० भाग होता. कीलिंग यांना सुमारे ३१५ सापडला. २०२४ साली तो ४२०च्या पुढे होता. त्यांचा आलेख करवतीसारखा दिसतो. उत्तर गोलार्धात पानं फुटतात तेव्हा रेघ खाली येते, पानं गळतात तेव्हा वर जाते. तो दरवर्षीचा दाता म्हणजे आमचा लाकडी ढीग, आणि सगळी करवतच वर वर चढते आहे ती दगडी ढिगामुळे.

याचा परिणाम काय झाला? पृथ्वीचं सरासरी तापमान कारखानी युगापूर्वीपेक्षा एक अंशाहून जास्त वाढलं आहे. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींत २०२४ हे वर्ष तर दीड अंशापलीकडे गेलं. वाढीव उष्णतेतला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग समुद्रानं गिळला. हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. ते सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. तापलेल्या अरबी समुद्राचं बाष्प त्यामागे आहे. आमच्याकडचा शेतकरी हे वेगळ्या शब्दांत सांगतो. पाऊस वर्षाचा तेवढाच लिहिला जातो, पण पेरणीनंतर दडी मारतो आणि येतो तेव्हा बांध फोडून येतो. वेचणीला आलेला कापूस भिजला की त्याचा भाव काय होतो ते विदर्भात सांगायला नको. पूर्वी मे महिन्यात आम्ही गच्चीवर झोपायचो, पहाटे चादर ओढावी लागायची. आता गच्ची पहाटेपर्यंत निवत नाही. त्यात सिमेंटचाही वाटा आहे, मान्य.

मागच्या वर्षी अब्बांची १९८१ सालची वही सापडली. मोडी नव्हे, साधी उर्दू. आकडे मात्र मराठी. माझी मुलगी कॉमर्स शिकली आहे. तिनं बेरीज केली. त्या वर्षी दगडी कोळसा विकला तो चाळीस टनांच्या आसपास. आपल्याकडचा एक टन कोळसा जळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड होतो. कोळशापेक्षा वायू जड कसा, असं मी तिला विचारलं. तर हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो ना अब्बू, म्हणाली. म्हणजे साठ टन. त्यातला ढोबळ निम्मा झाडांनी आणि समुद्रानं घेतला असेल. बाकीच्यातला बराचसा शेकडो वर्षं राहतो.

मला अपराध्यासारखं झालं. अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्यांनी तोलून दिलेला कोळसा अजून आमच्या डोक्यावर आहे. मुलीनं मग दुसरं गणित केलं. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. एका युनिटला अंदाजे पाऊण किलो कोळसा धरला, तर ते पूर्ण क्षमतेनं चालताना दादाजींचा वर्षभराचा कोळसा मिनिटभरात संपतो. ती हे मला समजवायला म्हणाली, पण मला त्यानं धीर आला नाही. त्या मिनिटातली वीज माझ्याही कूलरला येते. आणि आपल्याआधी शंभर वर्षं युरोप-अमेरिकेनं जे जाळलं त्यापुढे चंद्रपूरही लहानच आहे, हे खरं असलं तरी आपला देश आज या वायूच्या उत्सर्जनात जगात तिसरा आहे, हेही खरंच आहे.

दगडी ढिगाचा हिशेब असा जमला. मग ती लाकडी ढिगाकडे वळली. ''अब्बू, ही झाडं पुन्हा लावली होती का?'' तिनं विचारलं. लावली असतील किंवा तोडलेल्या बुंध्याला फुटू दिलं असेल, तर तो ढीग उसनवारीचा. नसेल, तर तोही साठाच खाल्ला म्हणायचा. मला सांगता येईना. पावसाळ्याआधी ट्रक यायचे, रात्री खाली व्हायचे, एवढं आठवतं. वहीत ट्रकवाल्याचं नाव आहे, बोऱ्यांची संख्या आहे, हमालीचे पैसे आहेत. जंगल कुठलं ते लिहिलेलं नाही. तो रकाना तिनं रिकामा ठेवला आहे.